‘नुसतं तोंड आलंय’

पहिली साल निघाली ती जेवताना. तांदळाची मऊ भाकरी, वाटीत आमटी. घास चावताना गालाच्या आत काहीतरी सुटलं. मला वाटलं भाकरीचा पापुद्रा चिकटलाय, म्हणून बोट घालून ओढला. पांढरा, ओला, पातळ पापुद्रा बोटावर आला आणि त्याच्या मागोमाग रक्त आलं. पापुद्रा भाकरीचा नव्हता, माझाच होता.

मी ताट तसंच ठेवून मोरीवर गेले आणि ओकले.

मी सुनंदा, साजगावात राहते. माझे यजमान कारखान्यात मशीनवर आहेत, मुलगी प्रणाली खोपोलीला कॉलेजात जाते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी कामगारांचे डबे करते. पिठलं, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. डबा उघडल्यावर माणसाला बरं वाटलं पाहिजे एवढाच माझा धंदा. म्हणून जे माझ्या तोंडाचं झालं ते मला जास्त झोंबलं असेल. दुखण्याबद्दल लोक बोलतात, खर्चाबद्दल बोलतात. किळसेबद्दल कोणी बोलत नाही. मी बोलणार आहे, कारण ती आजाराच्या बरोबरीने घरात राहिली होती.

*

पहिले डॉक्टर आमचे नेहमीचे. त्यांनी लांबून बॅटरी मारली. “नुसतं तोंड आलंय. पोट साफ ठेवा, जागरण करू नका.” गोळ्या आणि लावायला मलम दिलं. मलम लावायला बोट फिरवलं की त्या बोटावरच साल यायची.

दुसरे म्हणाले, “टेन्शन घेता का?” तिसऱ्यांनी तीन वेळा विचारलं, “तंबाखू? मिश्री? गुटखा?” तीन वेळा मी नाही म्हटलं. तिसऱ्या वेळी त्यांनी बरोबर आलेल्या यांच्याकडे बघून विचारलं, म्हणजे बाई खोटं बोलते पण नवरा खरं सांगेल. मला त्यांनी हातही लावला नव्हता, तरी मी उठल्यावर त्यांनी स्पिरिटने हात पुसले. मी दारातून बघितलं.

घरी येताना मोटरसायकलवर यांनीही विचारलंच. “खरं सांग, चोरून मिश्री लावतेस काय?”

बोलायला तोंड उघडलं की गालाची कातडी दाताला घासायची.

माझी मोठी जाऊ मंदाताई शेजारच्याच घरात राहते. तिने जाईचा पाला आणून दिला. “चावून चावून थुक. आमच्या आयशीचं असंच बरं झालंवतं.” मी चावला. पानाच्या शिरांनी टाळूची उरलीसुरली साल खरवडून काढली. तुरटीच्या गुळण्या केल्या. त्या दिवशी मी भिंतीवर डोकं आपटलं, खोटं नाही सांगत.

सकाळी ओठ एकमेकांना चिकटलेले असत. कोमट पाण्याचा बोळा लावून सोडवावे लागत. उशीच्या अभ्र्यावर तपकिरी लाळेचा रोज नवा डाग. आणि वास! मेलेल्या उंदरासारखा म्हणू की नासक्या दुधासारखा? तो वास माझ्याच नाकाखाली होता, मी जाईन तिथे येत होता. मी मान खाली घालून बोलायला शिकले. मग बोलणंच कमी केलं. प्रणाली मला मिठी मारायची ती पाठीमागून मारायला लागली. तिला कळत नव्हतं की मला कळतंय.

*

डबे मी स्वतः बंद केले. गावात वेगळं बोललं गेलं, पण खरं हे असं.

तोंडाला फडकं बांधून स्वयंपाक करायचे, चव प्रणाली घ्यायची. एका सकाळी पिठलं हलवताना फडकं सैल झालं. लाळ मला गिळता येत नव्हती, तोंडात साठून राहायची. ती ओठाच्या कोपऱ्यातून सुटली. लांब, गुलाबी तार, तुटलीच नाही. थेट पातेल्यात गेली.

आजूबाजूला कोणी नव्हतं. वीस-बावीस माणसांचं पिठलं होतं, कारखान्याच्या शिट्टीची वेळ जवळ आली होती. एक क्षण, एकच क्षण, मी पळी हातात धरून विचार केला की कोणाला कळणार आहे?

मग मी पातेलं उचलून मागच्या बाजूला खड्ड्यात ओतलं, वर माती लोटली. प्रणालीला म्हटलं, सगळ्यांना फोन कर, आजपासून डबे बंद. तिने कारण विचारलं. सांगताना मला माझाच इतका संताप आला की पातेलं घासायलाही हात लावला नाही. ते भंगारात दिलं.

मंदाताईने माझं ताट वेगळं केलं ते त्याच आठवड्यात. त्यांच्याकडे सत्यनारायण होता. सगळ्यांना स्टीलची ताटं, मला पत्रावळ आणि कागदी ग्लास. “राग मानू नको गं सुनंदे, घरात बारकी पोरं हायत.” मी राग मानला. प्रसादाचा शिरा कोमट होता, तोही मला आगीसारखा लागला. पत्रावळीवर दोन थेंब रक्त पडलं तेव्हा समोर बसलेल्या बाईने आपलं ताट उचललं आणि ती दुसऱ्या पंगतीत गेली.

पण त्या दोघींपेक्षा मला लागला तो यांचा डबा.

बाहेरचे डबे बंद केले तरी यांचा मी करत होते. फडकं घट्ट बांधून, दोनदा गाठ मारून. संध्याकाळी डबा परत यायचा तो घासलेला. लग्नाला एवढी वर्षं झाली, या माणसाने कधी पाण्याचा तांब्या विसळला नव्हता. चार दिवस मी बघितलं. पाचव्या दिवशी विचारलं, “अहो, डबा कोण धुतं?”

“कँटीनमधला माणूस.”

“आणि खातं कोण?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बूट काढता काढता म्हणाले, “वळणावरची कुत्री. मला नाय जात गं. उघडला की तुझं तोंड दिसतं.”

त्या दिवसापासून ते बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. मी आरशावर टॉवेल टाकला. त्यांचा राग आला, पण मी तरी कुठे माझं तोंड बघत होते?

*

पाच महिने गेले. वजन उतरलं, ब्लाउज लोंबायला लागले. पेज, ताक, थंड वरण. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा प्रणाली म्हणाली, “आई, दात खराब झाले असतील. दातांच्या डॉक्टरकडे चल.” म्हणजे ज्या दवाखान्यात मला आधी जायला हवं होतं तिथे मी सगळ्यात शेवटी गेले, तेही चुकीच्या कारणाने.

खोपोलीत मोबाईलच्या दुकानावर एक छोटा दवाखाना होता. डॉक्टर तरुण मुलगी, प्रणालीपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. मी तोंड उघडल्यावर तिच्या मदतनीस बाईने मास्कवर दुसरा मास्क चढवला. डॉक्टरने स्टूल पुढे ओढलं आणि तोंड माझ्या तोंडाशी आणलं. पाच महिन्यांत इतक्या जवळ कोणी आलं नव्हतं. मला रडू आलं. रडल्यावर ओठ फाटला.

“काकू, दुखेल. सांगून करते.”

तिने गाल बाजूला केला, जीभ उचलायला लावली, टाळू बघितली, घशाकडे बघितलं. मग जिथे जखम नव्हती अशा चांगल्या हिरडीवर कापसाची पट्टी हळूच घासली. साल सरकली. उकडलेल्या बटाट्याची सरकते तशी.

ती थांबली. पट्टी ट्रेमध्ये ठेवली.

“किती दिवस झाले?”

“पाच महिने.”

“अंगावर कुठे फोड आलेत?”

“नाय.”

“आई, पाठीवर आहे ना,” प्रणाली म्हणाली.

पाठीवर आतल्या कपड्याचा पट्टा घासून जखम झालीय असं मी धरून चालले होते. डॉक्टरने बघितलं. डोक्यात केसांखाली खपली होती तीही तिनेच शोधली. ती मला माहीतही नव्हती.

“काकू, साधं तोंड आलं ना, की बारीक गोल फोड येतात आणि आठ-दहा दिवसांत जातात. पंधरा दिवसांवर राहिलं तर ते साधं नसतं. तुमच्या जखमांना धड कडाच नाहीत, सगळी साल सुटतेय. हे तोंडाचं दुखणं नाही, अंगाचं आहे. तोंडात आधी दिसलं, एवढंच.”

“कॅन्सर?”

“मला तसं वाटत नाही. पण सोपंही नाही. तुकडा काढून तपासायला लागेल. मुंबईला मोठ्या सरकारी रुग्णालयात त्वचेच्या विभागात जायचं. आजच चिठ्ठी देते.”

“तोंडाचा रोग आणि कातडीचा डॉक्टर?” मी विचारलं.

“तोंडाच्या आतही अस्तर असतं काकू. कातडीचंच भावंड समजा. कातडीचे काही आजार आधी तिथेच दिसतात.” मग ती प्रणालीकडे वळून म्हणाली, “आणि हे संसर्गाचं नाही. मला जे वाटतंय ते असेल तर एका ताटात जेवलात तरी कोणाला होणार नाही.”

चिठ्ठीवर तिने एक नाव लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मुंबईला तुकडा काढला, तपासला, आणि प्रश्नचिन्ह गेलं. पेम्फिगस. अंगातली जी ताकद रोगाशी लढायची ती चुकून आपल्याच कातडीचे सांधे उसवत सुटते, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पूर्वी यातून माणसं वाचत नसत, आता औषधं आहेत, पण वेळेत यायला हवं. “उशीर झालाय,” ते म्हणाले, “पण फार नाही.”

यांचा पहिला प्रश्न, “लागण होते का?”

डॉक्टरांनी नाही म्हटलं. मी यांच्याकडे बघितलं. मला आजार काय आहे ते कळलं होतं, मी जगणार की नाही ते कळलं नव्हतं, आणि या माणसाला स्वतःची काळजी पडली होती. मला त्यांची किळस आली. इतके महिने त्यांना माझी येत होती, आता माझी पाळी होती.

*

भरती केलं. माझा चौक गावचा भाऊ दिलीप गॅरेज बंद करून मला टेंपोने घेऊन गेला.

त्या वॉर्डाबद्दल मी कोणाला धड सांगितलेलं नाही. तिथल्या बायकांची कातडी चादरीला चिकटायची. चादर बदलताना जो आवाज यायचा तो आवाज मला अजून नको वाटतो. औषधाचं जांभळं पाणी, पू, फिनेल आणि जेवणाच्या गाडीवरची भेंडी, सगळ्याचा मिळून एक वास. पहिले दोन दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडले. माझ्या तोंडाला लोक नाक मुरडतात म्हणून रडणारी मी, आणि शेजारच्या खाटेकडे मला बघवत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर हिरा होती. माझ्याच वयाची, कर्जतच्या पुढच्या एका गावची. तिचंही तोंडातून सुरू झालं होतं. तिला वर्षभर ‘तोंड आलंय’ म्हणूनच सांगितलं गेलं. अंगभर पसरल्यावर बाहेरची बाधा म्हणून अंगारे लावले. आता तिची पाठ सोललेली होती. सिस्टर म्हणाल्या, केळीची पानं मिळाली तर बरं, त्यांना कातडी चिकटत नाही.

दिलीपला फोन केला. दुसऱ्या दिवशी तो गावातून कोवळ्या पानांचा भारा घेऊन आला. सिस्टरनी पानं स्वच्छ धुऊन पुसली, हिराच्या खाली अंथरली. ती पहिल्यांदा उताणी झोपली. “गार लागतंय गं,” म्हणाली. “बरं वाटतंय.” आम्ही आठ-दहा दिवस तशाच बोलत पडायचो, दोघींची तोंडं सोललेली, शब्द बोबडे. तिला माझं कळायचं, मला तिचं.

तिला ताप आला. जखमांतून जंतू गेले असं सांगितलं. एका दुपारी तिला दुसरीकडे हलवलं, आणि चार वाजता आया येऊन तिची खाट फिनेलने पुसायला लागली. पानं पिशवीत भरून नेली. विचारायची गरज नव्हती.

मी त्या दिवशी खाटेवरूनच जोरात ओरडले, “तीन डॉक्टरांनी मला बॅटरी लांबून मारली! लांबून!” हे शेजारी स्टुलावर बसले होते.

संध्याकाळी तोंड धुवायची वेळ झाली. ते काम प्रणाली करायची, पण तिची परीक्षा होती. हे उठले, नाकाला रुमाल बांधला, ट्रे धरला. मी गुळणी थुंकली. साली, रक्त, दोऱ्यासारखी लाळ. यांनी ट्रे खाली ठेवला, धावत बाहेर गेले. मला उलटीचा आवाज ऐकू आला. मला वाटलं, गेले. पाच मिनिटांनी तोंड धुऊन परत आले.

“मला व्हतच नाय गं सहन,” म्हणाले. “पण धरतो. तू थुक.”

रोज दोनदा धरला. पहिले चार दिवस रोज ओकले. पाचव्या दिवशी ओकले नाहीत.

*

स्टिरॉइडच्या गोळ्यांनी साली निघायच्या थांबल्या. मग दुसरं सुरू झालं. तोंड भोपळ्यासारखं सुजलं, ओठांवर लव आली, साखर वाढली, भूक अशी की रागाने खावंसं वाटायचं. हाडं दुखायची. वास मात्र गेला. एका सकाळी मी उशीचा अभ्रा बघितला, कोरडा होता. मी तो नाकाशी धरून बसले. नुसता साबणाचा वास.

दीड वर्षात गोळ्यांचा डोस खूप खाली आला. एकदा पुन्हा उलटलं, पुन्हा वाढवायला लागला. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका हे मी इथे मोठ्याने सांगते, कारण मी तेच केलं होतं. रोज सकाळी खिडकीशी उजेडात उभी राहून मी तोंड बघते: गाल, हिरड्या, टाळू, जिभेखाली. आवडीने नाही, पण बघते.

मंदाताई मी घरी आल्यावर एकदा आली. “मला कुणी सांगितलं नवतं, लागत नाय म्हनून,” म्हणाली. मी म्हटलं, “विचारलं कुठे?” आम्ही बोलतो. पण मी तिच्याकडे जेवत नाही. यांच्याबरोबर जेवते. ट्रे धरला ते विसरत नाही, कुत्र्यांना घातलेलं जेवणही विसरत नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही घेऊनच आम्ही राहतो. डबे पुन्हा सुरू केले, आता आठच आहेत.

गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरचा फोन आला. “काकू, येता का थोडा वेळ? भिवपुरीकडची एक ताई आहे. तोंड उघडतच नाही कोणापुढे. मुंबईला जायलाही तयार नाही.”

गेले. बाकावर एक बाई बसली होती, पदर नाकापर्यंत ओढलेला. शेजारी तिचा नवरा, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मी त्या जागेत बसले. माझं नाव सांगितलं, माझं काय झालं ते सांगितलं. पाच महिने, डबे, वॉर्ड, सगळं. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. मग तिने पदर थोडा खाली केला.

वास आला. मला तो ओळखू आला, आणि मी नकळत मान फिरवली. स्वतः त्यातून गेलं की किळस संपते असं मला वाटायचं. नाही संपत.

“आ करा ताई,” मी म्हटलं.

तिने माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. बोबडं, ओठ न हलवता विचारलं, “तुमाला घाण नाय वाटत?”

“वाटते,” मी म्हणाले आणि तिच्या हनुवटीखाली हात धरला. “उघडा.”